राखीव पंधरा मीटर

माझ्या बायकोला काळजी करायला कारण लागत नाही. गॅसचं बटण बंद केलंय का, हे ती घरातून निघताना तीनदा बघते आणि आम्ही इंदिरानगरहून मुंबई नाक्यापर्यंत पोचलो की चौथ्यांदा विचारते. हल्ली मी निघतानाच त्या बटणाचा फोटो काढतो आणि तिने विचारलं की मोबाइल तिच्यासमोर धरतो. ती फोटो नीट बघते आणि म्हणते, "अमोल, हा आजचाच आहे ना?"

योगिनी भूवैज्ञानिक आहे. हे सांगितलं की नव्वद टक्के लोक विचारतात, "म्हणजे पाणी दाखवता का?" माझं डोकं फिरतं, पण तिचं फिरत नाही, कारण गेली काही वर्षं ती पाणीच दाखवते. निफाडकडच्या द्राक्षबागांत यंत्र लावून जमिनीखालचा अंदाज घ्यायचा आणि बोअर कुठे मारायची ते सांगायचं. ती बोअर लागेपर्यंत आमच्या घरात कोणी धड जेवत नाही. पाणी लागल्याचा फोन आला की ती देवापुढे दिवा लावते, आणि नाही लागलं तर तिच्यापेक्षा तो बागवालाच तिची समजूत घालतो.

ती मूळची इगतपुरीची. वडील रेल्वेत. घाटात रुळासाठी डोंगर कापलाय, तिथे दगडाचे थर एकावर एक दिसतात. ते बघत ही मुलगी मोठी झाली. नाशकात बी.एस्सी., पुण्यात एम.एस्सी., मग ओडिशात एका खाणकंपनीच्या तंबूत चार वर्षं. तिथे ती आपलं खरं काम करायची: जमिनीखाली काय आहे, किती आहे, ते शोधून काढायचं. मग वडिलांना अर्धांगवायू झाला, ती परत आली, आमचं लग्न झालं आणि तिचं ते काम सुटलं. ती त्याबद्दल कधी तक्रार करत नाही. ओडिशाची हातोडी मात्र अजून तिच्या उशाशी असते. चोर आला तर बरी पडेल, असं मी लोकांना सांगतो.

म्हणून अन्सारभाई जेव्हा आमच्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, मला दगड शोधून पाहिजे, पाणी नको," तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

अन्सारभाईंचं भद्रकालीत दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. आपल्या काळ्या पाषाणात कुठे कुठे पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढतात. पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवे. खाणीवरचे लोक त्यांना गारा म्हणतात. शौकीन लोक, परदेशातलेसुद्धा, ते घरात मांडून ठेवायला घेतात. अन्सारभाईंचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या खाणीतून उरलंसुरलं उचलण्यात गेला होता. तीन वर्षांपूर्वी चांदवडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी केरू आहेर नावाच्या शेतकऱ्याने विहीर खणली, तेव्हा चौदा मीटरवर अशी एक पोकळी लागली आणि त्यातून हिरव्या गारा निघाल्या. अन्सारभाईंनी त्या घेतल्या आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. केरू शेत खाणीसाठी भाड्याने द्यायला तयार होता, परवान्याचंही जमत आलं होतं. पण दुसरा एक व्यापारी फेऱ्या मारत होता, आणि केरूने सरळ सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत सांगा. नाय तर मी त्यांला देतो."

शेत घ्यायचं तर दुकान विकावं लागणार होतं. दुसरा मार्गच नव्हता.

"दुकानाला गिऱ्हाईक आहे," अन्सारभाई म्हणाले. "दसरा झाला की तो विसार द्यायला येतोय. त्याच्या आधी मला कळलं पाहिजे."

"काय कळलं पाहिजे?" योगिनीने विचारलं.

"माल किती निघेल ते."

तिने मान हलवली. "हा प्रश्न तुमच्या पैशात बसत नाही. त्याला शंभर भोकं लागतील. लहान प्रश्न विचारा."

मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. गिऱ्हाइकाशी असं कोण बोलतं? पण दोघं तासभर त्या एका प्रश्नावर भांडले. माझा चहा दोनदा थंड झाला. शेवटी उरला तो प्रश्न असा: विहिरीत चौदा मीटरवर जो पोकळ्यांचा थर लागला, तो निदान अर्ध्या शेताखाली तरी पसरलाय की विहिरीपाशीच संपतो? पसरला असेल तर शेत घेण्यात अर्थ होता. नसेल तर ती एक सुटी पोकळी होती, आणि सुट्या पोकळीसाठी कोणी दुकान विकत नाही.

मग तिने बेत आखायला घेतला. आधी जे फुकट होतं ते केलं. आसपासच्या सगळ्या विहिरींत दोरीला टॉर्च आणि माझा जुना मोबाइल बांधून सोडला आणि आतल्या भिंतींचं चित्रण केलं. मोबाइल एकदा पाण्यात पडला. "तुझाच होता म्हणून बरं," ती म्हणाली. ओढ्याच्या काठाने चालून उघडे थर बघितले. शेताचा उंचसखलपणा मोजला, म्हणजे विहिरीतले चौदा मीटर बाकीच्या शेतात किती खोलीवर येतात ते कळावं. शेत जवळजवळ सपाट होतं, त्यामुळे चौदा म्हणजे सगळीकडे चौदाच.

आता खरा खर्च. जमिनीतून दगडाचा सलग दांडा कापून वर आणणारं यंत्र मीटरच्या दराने मिळतं. त्या दांड्याला सगळे कोअर म्हणतात. अन्सारभाईंच्या पैशात नव्वद मीटर बसत होते. त्या दिवसापासून आमच्या घरात रुपये बोलायचे बंद झाले, सगळं मीटरमध्ये. पंचवीस मीटरची तीन भोकं तिने ठरवली: एक विहिरीजवळ, एक पलीकडच्या बांधाला, एक मधे. उरलेले पंधरा मीटर राखीव.

"पंधरा मीटर खिशात ठेवून काय करायचं?" अन्सारभाई म्हणाले. "अजून एक भोक मारू ना."

"काहीतरी चुकेलच."

"काय चुकेल?"

"ते माहीत असतं तर राखीव कशाला ठेवलं असतं?"

एरवी मी या स्वभावाला हसतो, तेव्हाही हसलो. बाकी काटकसर मात्र तिने मनापासून केली. कोअर ठेवायच्या लांबट पेट्या विकत घ्यायच्या नाहीत असं ठरलं. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो, तिथल्या मोडक्या पॅलेटच्या फळ्या भंगारात घेऊन मी त्या करून घेतल्या. पेटीत कोअर क्रमाने लावायचा आणि मधे मधे लाकडी ठोकळे ठेवायचे. त्या ठोकळ्यांवर खोली लिहायची: अकरा, बारा, तेरा. तुकडा किती खोलीवरून आला हे सांगणारी तेवढीच एक गोष्ट. त्यासाठी ऑइल पेंट आणि ब्रश लागतो, तो खर्च तिने वगळला. "खडू चालेल," ती म्हणाली. स्टोअर्समधला माणूस म्हणून मला ते पटलं नव्हतं, पण एका डब्यावरून कुठे वाद घाला.

काम सुरू व्हायच्या आधी अन्सारभाईंनी माझ्याकडे पुठ्ठ्याची खोकी मागितली, म्हणून आम्ही दोघं भद्रकालीत गेलो. दुकानात जहिदाभाभी एकेक दगड कापसात आणि पेपरात गुंडाळत होत्या. गिऱ्हाइकाला दिवाळीच्या आत दुकान मोकळं हवं होतं. अर्धी कपाटं रिकामी झाली होती आणि रिकाम्या काचेमागे भिंतीचा जुना रंग दिसत होता. अन्सारभाई चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा भाभी योगिनीला म्हणाल्या, "ताई, ह्यांना नाही म्हणणारं कोणी नाही. मी म्हटलं तर बायकोला काय कळतं. दोस्त तर सगळे हो म्हणणारेच. तुम्ही जे असेल ते सांगाल ना?"

"सांगेन," योगिनी म्हणाली.

घरी येताना गाडीत तिने गॅसचं विचारलंच नाही. मी आपणहून गॅसच्या बटणाचा फोटो दाखवला, तोही तिने बघितला नाही.

यंत्रावर बुधा गावित होता, सुरगाण्याकडचा. मेहनती माणूस. यंत्राला नमस्कार केल्याशिवाय सुरू करायचा नाही. विहिरीजवळच्या भोकात बरोबर चौदावर पोकळी लागली आणि बोटभर हिरवी गार निघाली. योगिनीने तो तुकडा बुधाच्या हातात दिला. "बुधाभाऊ, हीच आपली लक्ष्मी. जपायची," ती म्हणाली. हे वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं. बांधाजवळच्या भोकात काही नव्हतं, वरपासून खालपर्यंत काळा पाषाण. आता सगळं मधल्या भोकावर आलं. तिथे चौदावर थर लागला तर अर्धं शेत, आणि अन्सारभाईंना अर्धं पुरणार होतं.

मधलं भोक दहा मीटरवर असताना ती दसऱ्यासाठी घरी आली. खंडेनवमीला आणि दसऱ्याला यंत्र बंदच असणार होतं. त्याआधी भोक पुरं करतो, असं बुधा म्हणाला होता. त्याचा संध्याकाळी फोन आला, "मॅडम, झालं पंचवीस. लय भारी गारा निघाल्या. हिरव्यागार."

"किती खोलीवर?"

"लिवून ठिवलंय ना ठोकळ्यावर," तो म्हणाला, आणि रेंज गेली. डोंगराच्या त्या कुशीत रेंज येते ती पाव्हण्यासारखी. पुढचे दोन दिवस तिने इतके फोन लावले की मोबाइल गरम झाला. खंडेनवमीला तिने उशाची हातोडी पूजेत ठेवली आणि हळद वाहताना म्हणाली, "ठोकळे पडले तर नसतील ना?" दसऱ्याला शेजारी सोनं द्यायला आले, तर ही आपट्याचं पान हातात धरून तशीच उभी. मी चिडलो. जे लिहिलंय ते कुठे पळून जाणार आहे, असं मी तिला चांगल्या चढ्या आवाजात सांगितलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो.

शेतावर पोचलो आणि आधी मला फार छान वाटलं. शेडसमोरची जागा झाडून सडा टाकलेला. यंत्र धुऊन लख्ख, त्याला झेंडूची माळ, हळदीकुंकू. यंत्रापुढे पाटावर नारळ, आणि नारळाभोवती कोअरमधले हिरव्या गारांचे तुकडे मांडलेले, प्रत्येकाला कुंकवाचं बोट. पलीकडे माझ्या पेट्या. इतक्या स्वच्छ की फळ्यांवरची कारखान्याची नावंसुद्धा घासून गेलेली. ठोकळे कुंपणाच्या कडेला उन्हात वाळत ठेवले होते. सगळे कोरे.

केरूची बायको चंद्रभागाबाई पदर सावरत कौतुकाने पुढे आल्या. "मॅडम, खंडेनवमीला समदं हत्यार धुत्यात, मंग ह्ये पेट्या तरी चिखलाच्या कशाला ठिवायच्या? आमी बायांनी मिळून धुतल्या. माल बी निवडून लावला. मोठा ह्या पेटीत, मधला त्या पेटीत, आन् गोल्टी पार कडंला."

गोल्टी म्हणजे बारका कांदा. चांदवडच्या बाईला आयुष्यभर एकच निवड माहीत. ढिगातून मोठा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी वेगळी. दहा मीटरपर्यंतचं योगिनीने आधीच टिपून ठेवलं होतं; त्याखालचा पंधरा मीटर दगड बाईंनी तसाच निवडून दिला होता, एकही तुकडा इकडचा तिकडे नाही.

योगिनी जमिनीवर बसली. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, तिने माझा हात धरला. "थांब. खडू मीच दिला होता," ती म्हणाली. मग चंद्रभागाबाईंकडे बघून, "मावशी, पाणी देता का जरा?"

बुधाला काय झालंय ते कळलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "तुमीच म्हणाला व्हता, लक्ष्मी हाय म्हणून," तो पुटपुटला. "म्या म्हणलं पूजेला तीच मांडावी."

"तुमचं चुकलं नाही. पाणी कधी गेलं ते आठवतं का?"

पोकळी लागली की यंत्रात सोडलेलं पाणी आतल्या आत मुरतं, वर परत येत नाही. ते त्याने बघितलेलं असणार होतं.

"गेलं व्हतं एकदा. चौदा-पंधराला असंल."

"असेल, की होतं?"

त्याने खाली बघितलं. "तुमाला चौदाच पायजे ना, मॅडम?"

त्याला तिचं बरं करायचं होतं. मला भीती वाटली ती त्याच्या त्या चांगुलपणाची.

मग आम्ही दगड जुळवायला बसलो. फुटलेली कपबशी जुळवावी तसं, एकाचं टोक दुसऱ्याला लावून बघायचं. बसलं तर पुढे, नाही तर दुसरा उचलायचा. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. वरून, दहापासून तेरापर्यंत साखळी लागली. खालून पंचवीसपासून वर बावीसपर्यंत लागली. मधले पुष्कळ तुकडे आपापसांत जुळले, पण ती टोळकी कुठली आधी, कुठली नंतर, ते कळेना. आणि गारांचे तुकडे तर कशालाच लागत नव्हते. पोकळीजवळचा दगड ठिसूळ, त्याची टोकं धुताना झिजली होती. चौदाचे असतील. एकवीसचे असतील.

अन्सारभाई दुपारी आले ते थेट पाटाकडे गेले. रुमालाने कुंकू हळूच टिपून त्यांनी एक तुकडा उन्हात धरला. हिरवा रंग त्यांच्या तळहातावर पडला. "अगदी विहिरीतला माल," ते म्हणाले. "मॅडम, चौदाच आहे हा."

"रंगावरून खोली कळत नाही, अन्सारभाई," योगिनी म्हणाली, आणि झालेलं सगळं सांगितलं.

त्यांनी तो तुकडा परत पाटावर ठेवला. मग म्हणाले, "लहानपणापासून हेच हातात घेतोय मी. मला कळत नसेल?" आवाज चढला नव्हता, पण दुखावलेला होता. "तुमच्याकडे पंधरा मीटर आहेत. मधल्या आणि बांधाजवळच्या भोकाच्या मधे मारा. नवीन काहीतरी कळेल."

खरं सांगतो, मलाही तेच पटलं. जे भोक एकदा मारलं ते पुन्हा कोण मारतं? स्टोअर्सच्या भाषेत तीच वस्तू दोनदा खरेदी. मी तसं बोललोही.

"नवीन भोकात काय सापडलं तर आपण काय म्हणणार?" ती म्हणाली. "मधे काय आहे तेच माहीत नसेल तर त्याच्या पुढचं कळून उपयोग काय? मधल्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, पंधरा मीटर जायचं. चौदावर थर लागला तर लागला. नाही लागला, तर गारा खालच्या आहेत, आणि खालची पोकळी वेगळी."

"आणि नाही लागला तर संपलंच ना सगळं," अन्सारभाई म्हणाले. ते तिच्याजवळ आले. "मॅडम, तुम्ही फक्त चौदा म्हणा. उद्या काही झालं तर मी तुमचं नाव घेणार नाही. जबान देतो."

हातातला गोल्टीतला एक तुकडा तिने उलटसुलट फिरवला. मला भद्रकालीतली ती रिकामी कपाटं आठवली, आणि तिलाही तीच आठवत होती हे मला तिच्याकडे न बघता कळलं. एक शब्द म्हटला की हा माणूस उद्या विसार घेणार होता. त्याला आनंद होणार होता. आम्हालाही बरं वाटलं असतं, निदान त्या संध्याकाळी.

"उद्या सकाळी मधल्याच्या शेजारी लावा, बुधाभाऊ," ती म्हणाली. "परवा यंत्र निफाडला जातंय. उद्याचाच दिवस आहे."

आम्ही केरूच्या ओसरीवर मुक्काम केला. ती झोपली नसावी, कारण मला जाग येई तेव्हा ती छताकडे बघत असे. एकदा मी तिला म्हटलं, "लागेल गं चौदाला." ती म्हणाली, "मला लागायला नकोय की लागायला हवंय, हेच कळत नाही रे." मग तिने विचारलं, "गॅसचं बटण?" मी फोटो दाखवला.

सकाळी यंत्र सुरू झालं. बुधाने नमस्कार केला, पण नारळ फोडला नाही. ठोकळ्यांवर आकडे टाकायला केरूने बैलांची शिंगं रंगवायचा लाल रंग आणून दिला, पोळ्याचा उरलेला. योगिनी स्वतः ब्रश घेऊन बसली. पहिले दहा मीटर ओळखीचे होते, शेजारच्या मधल्या भोकातल्यासारखेच. अकरा. बारा. जेवायला कोणी उठलं नाही. चंद्रभागाबाई भाकरी घेऊन आल्या आणि ती टोपलीत तशीच झाकून ठेवली. त्यांना सगळं समजलं होतं, आणि कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

तेरा झाले तेव्हा आम्ही सगळे त्या नळीभोवती उभे होतो जिच्यातून पाणी परत वर येतं. राखेच्या रंगाचं पाणी, जाड धारेने चाललेलं. ती धार बंद झाली की समजायचं, पोकळी. अन्सारभाईंचे ओठ हलत होते. मी आयुष्यात कधी नळाच्या धारेकडे इतकं बघितलं नव्हतं. धार जरा बारीक झाली. बुधाने हात वर केला. मग नळीत अडकलेला खडा सुटला आणि धार पहिल्यासारखी झाली.

चौदा. धार चालूच. चौदाच्या पुढे, धार चालूच. यंत्राचा आवाज एकसुरी, कडक दगडात असतो तसा. पंधराला बुधाने यंत्र थांबवलं. कोअर बाहेर काढला आणि पेटीत ठेवला: तेरापासून पंधरापर्यंत सलग, काळा, एक पोकळी नाही. मनगटाएवढा जाड, ओला, उन्हात चमकणारा. दगड म्हणून सुंदरच होता तो.

"अजून एक मीटर मारतो," बुधा म्हणाला. "पैसं नको मला. माज्याकडनं."

"नको," योगिनी म्हणाली. "सोळाला लागलं तरी ते चौदा नसेल."

तिने लाल रंगात ब्रश बुडवून ठोकळ्यावर पंधरा लिहिलं, पेटीच्या टोकाला ठेवलं, आणि तिथेच खाली मान घालून रडायला लागली. मी पुढे झालो. पण अन्सारभाई आधी पोचले होते. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि पेटीतल्या काळ्या दगडावरून हात फिरवू लागले, टोकापासून टोकापर्यंत, कुठे फट लागतेय का बघत असल्यासारखे. पुन्हा एकदा फिरवला.

"मी ठरवलं होतं गिऱ्हाइकाला हो म्हणायचं," ते म्हणाले. "काल घरी जाऊन मी जहिदाला सांगितलं, चौदाच आहे. ती रात्रभर बांधाबांध करतेय."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. त्या दिवशी रेंज होती. नंबर लावून, आवाज मोठा करून, त्यांनी तो योगिनीसमोर धरला. "तुम्ही सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, तिच्यासाठी मन मारतोय."

योगिनीने नाक पुसलं. "भाभी, योगिनी बोलतेय. चौदाला काही नाही. सगळा काळा दगड आहे. मी स्वतः बघितला."

पलीकडे चाललेली कागदाची सळसळ थांबली. मला वाटलं, रेंज गेली. अन्सारभाईंनी मोबाइल कानाजवळ नेला, परत मधे धरला.

"ते तिथंच आहेत का?" भाभींनी विचारलं.

"हो. समोरच आहेत."

"जेवले का?"

"नाही."

"त्यांना जेवायला घाला, ताई," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "मग मी खोकी सोडते."

त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला असावा, बंद मात्र केला नाही. खोक्यावरची चिकटपट्टी उचकटल्याचा आवाज आला, लांब, करकरीत. मग दुसऱ्या खोक्याचा. अन्सारभाई मोबाइल तळहातावर धरून ते ऐकत राहिले, आणि चंद्रभागाबाई भाकरीची टोपली घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसल्या.